चादरमावशींची बरणी

इस्पितळाच्या तळघरातल्या लॉण्ड्रीत चादरमावशींचा शब्द शेवटचा. वॉर्डातून गाठोडं आलं की यंत्रात टाकण्याआधी त्या त्यावरून उघडा तळवा फिरवत आणि आत काय राहिलंय ते सांगत. कवळी, चष्मा, थर्मामीटर, एकदा तर अंगठी. आणि सुया. सुई सापडली की चिमट्यानं उचलून कॉफीच्या रिकाम्या बरणीत. "एकतीस वर्षं झाली, मला एकही टोचली नाही," हे त्या दिवसातून दोनदा तरी ऐकवत. हातमोजे खुंटीवर धूळ खात पडले होते. हाताखालच्या चौघीजणी त्यांच्यासमोर माना डोलवत आणि त्यांची पाठ वळली की खुदखुदत.

एका सोमवारी त्यांच्यातली धाकटी सुईपासून थोडक्यात वाचली. त्याच आठवड्यात नोटीस लागली: कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बीची लस. यादीत डॉक्टर होते, नर्स होत्या, लॅबवाले होते, झाडूवालेही होते. लॉण्ड्रीचा पत्ताच नव्हता.

मावशींचा पारा चढला. बरणी घेऊन त्या थेट हेडक्लार्ककडे गेल्या.

"लॉण्ड्रीचा पेशंटशी संबंध येत नाही," हेडक्लार्क म्हणाला.

मावशींनी बरणी त्याच्या चहाच्या कपाला खेटून ठेवली. "साहेब, हे सगळं आमच्याकडं काय फिरायला आलंय?"

त्यानं आधी कप उचलला, मग पेन. पाचही नावं यादीत चढली.

लस देणारी नर्स समजुतीनं बोलणारी होती. "हा आजार रक्तातून पसरतो आणि लिव्हर धरतो. एका ताटात जेवल्यानं होत नाही. रक्ताशी ज्यांचा संबंध येतो, ज्यांच्या घरात कुणाला हा आजार आहे, त्यांनी लस घ्यायचीच. तान्ह्या बाळांना तर जन्मल्याबरोबर देतात. तीन डोस आहेत, एकही चुकवायचा नाही." जुन्या माणसांचं ती आधी रक्त तपासत होती. "बघा की," मावशी बाही सरसावत म्हणाल्या, "स्वच्छ निघेल."

चार दिवसांनी चौघींना पहिला डोस मिळाला. मावशींना मात्र नर्सनं बाजूला बसवलं.

"मावशी, तुम्हाला लस नको. हा आजार तुम्हाला कधीतरी होऊन गेलाय. शरीरानं परतवून लावला, नशीब थोर. सगळ्यांचा परतत नाही."

"कधी झाला?"

"ते रक्त सांगत नाही. कुठून आला तेही नाही."

मावशींना एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या महिनाभर अंथरुणाला खिळल्या होत्या आणि डोळे पिवळे झाले होते. उन्हाळा बाधला, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. आता त्यांना भीती वाटली, चांगलीच, इतक्या वर्षांनी.

त्या खाली आल्या तेव्हा चौघी दंड चोळत, नेहमीचं वाक्य ऐकायला तयार उभ्या होत्या. नवं गाठोडं येऊन पडलं होतं. मावशींनी सवयीनं हात पुढे केला आणि मागे घेतला. खुंटीवरचे हातमोजे काढून झटकले आणि घातले.

"मला टोचली होती गं," त्या म्हणाल्या. "मला कळलं नाही, एवढंच."

या वेळी कुणीच हसलं नाही.