डावखुऱ्याचा वकील

पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरची दाढी गेली बावीस वर्षं एकाच न्हाव्याने केली, आणि त्या बावीस वर्षांत एका प्रश्नावर दोघांचं कधी जमलं नाही. लोहार आणि डावखुरा या टोपणनावांचे दोन नामांकित बॉक्सर ऐन भरात असताना रिंगणात समोरासमोर आले असते, तर जिंकलं कोण असतं? लोहाराने ग्लोव्ह्ज खुंटीला टांगले तेव्हा डावखुरा जन्मलाही नव्हता, त्यामुळे निकाल लागायची भीती नव्हती. न्हावी लोहाराचा, बाइंडर डावखुऱ्याचा. त्यात न्हावी लबाड. आपला मुद्दा तो नेमका वस्तरा गळ्याशी असताना मांडायचा. बाइंडर फेस पुसेपर्यंत दम धरायचा आणि मग त्याची बिनपाण्याने करायचा.

मग बाइंडरला अर्धांगाचा झटका आला. पुस्तकं शिवणारा उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत होतं, आणि खरी पंचाईत तीच होती. भेटायला येणारे त्याच्यादेखत बायकोला विचारायचे, "यांना कळतं का हो?" बोलायला शिकवणाऱ्या बाई जीव तोडून शिकवायच्या, पण 'कप' आणि 'दार' यांच्या पुढे गाडी जाईना. पुन्हा कधी धड बोलता येईल का, या घोराने त्याचं जेवणावरचं मन उडालं.

न्हावी दर मंगळवारी पेटी घेऊन घरी येऊ लागला. पहिल्याच दिवशी फेस लावता लावता म्हणाला, "बाइंडर, तुम्ही गप्प असताना जिंकण्यात काय मजा? आजपासून तुमच्या बाजूनेही मीच बोलतो. गफलत झाली तर डावा हात वर करा."

बाइंडरला वाटलं, हा आता डावखुऱ्याला पहिल्याच राऊंडला आडवा करणार. पण न्हाव्याने इमानाने वकिली केली. लोहाराचा बरगडीखालचा ठोसा सांगून झाला, की खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन डावखुऱ्याचं उत्तर द्यायचा: त्याचे पाय, त्याने राखलेलं अंतर. बाइंडरला बावीस वर्षांत न सुचलेले मुद्देही त्याने काढले. जुनी मासिकं चाळून यायचा लेकाचा. त्या अर्ध्या तासात बाइंडर आजारी नसायचा. या माणसाचे उपकार आपण कसे फेडणार, या विचाराने त्याचे डोळे भरून यायचे, आणि न्हावी साबण झोंबला समजून ते पुसायचा.

"भाऊजी, मंगळवारी हे पोटभर जेवतात," बायको एकदा दारातून म्हणाली.

चौथ्या महिन्यात, एका गालाची दाढी झालेली असताना बाइंडरने हात वर केला.

"काय चुकलं?" न्हाव्याने विचारलं.

बाइंडरच्या कपाळावरची शीर ताठ झाली. मनात होतं ते सगळं सांगायला पुष्कळ शब्द लागले असते. त्याच्यापाशी दोनच होते, महिनाभर भिंतीकडे तोंड करून घोटलेले.

"लोहार... जिंकेल."

न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. ज्याच्यासाठी बावीस वर्षं भांडला ते मिळालं होतं. तो खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला, डावखुऱ्याच्या बाजूला गेला आणि म्हणाला, "साफ चूक. चार महिने मी काय झक मारली? डावखुरा त्याला बाराव्या राऊंडला पाडतो."

"लोहार," बाइंडर म्हणाला. या वेळी तो अडखळला नाही. उरलेल्या गालाची दाढी व्हायला त्या दिवशी पाऊण तास लागला.