ज्येष्ठमधाच्या आठ काड्या

गेल्या वेळी डॉक्टरांनी ‘आणखी काही घेता का?’ असे विचारले, तेव्हा तुम्ही खरे उत्तर दिले होते का?

सबनीसकाका देत. ते जहाजांवर चीफ इंजिनिअर होते आणि इंजिन रूममधली शिस्त त्यांनी सिंगापूरमधल्या बुओना व्हिस्टा भागातल्या फ्लॅटमध्येही चालू ठेवली होती. रोज सकाळी सातला ते लॉगबुकात स्वतःची नोंद करत: रक्तदाब, झोप, चहाचे कप, पोट. शेवटच्या रकान्यात शेरा. मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला आले, त्या दिवशीचा शेरा असा होता: ‘नवीन मुलगी. मते भरपूर. स्वतःची भांडी घासते.’

मते होतीच. माझे वडील भोंदू औषधांविरुद्ध पत्रके छापत आणि त्यांच्या घड्या घालायचे काम लहानपणापासून माझ्याकडे असे. सार्सची साथ ओसरल्यावर मी सिंगापूरला आले, ती वनस्पतींमधली रसायने वेगळी करण्याच्या संशोधनासाठी. पहिल्या महिन्यातच मी बोलून बोलून काकांची सिगारेट सोडवली आणि बदली म्हणून पुण्याहून आणलेल्या ज्येष्ठमधाच्या काड्या दिल्या.

“घशाला चांगलं असतं, काका. कितीही चघळा.”

दुसऱ्या दिवशी लॉगबुकात ‘काड्या’ असा नवा रकाना आला. मी तो कधी वाचला नाही.

चार महिन्यांत काकांचा रक्तदाब चढला. घोटे सुजले. जिना चढताना मांड्या साथ देईनात. त्यांची जहाजावरची एक शेवटची फेरी ठरली होती आणि कंपनीची वैद्यकीय तपासणी दोन महिन्यांवर आली होती. तिच्यात नापास म्हणजे समुद्र संपला. हे त्यांनी मला एकदाच सांगितले, तेही भाजी निवडताना.

गुन्हेगार मी लगेच ओळखला. आमच्या ब्लॉकखाली चिनी औषधांचे दुकान होते आणि तिथल्या आंटीकडून काका कधीमधी खोकल्याचा काढा आणत. मी रात्र न दवडता पत्रक लिहिले: ‘जुने म्हणून निर्धोक?’ काकांनी ते चष्मा लावून वाचले.

“शुद्धलेखन चांगलं आहे. चल, आंटीला वाचून दाखवू.”

“कशाला, काका?”

“इंजिनाचा आवाज बदलला की खाली उभ्या माणसाला आधी विचारायचं. ओरडायचं नंतर.”

मी इंग्रजीत वाचून दाखवलेले पत्रक आंटीने शांतपणे ऐकले. मग एकेक खण उघडून काढ्यातला प्रत्येक जिन्नस कागदावर मांडला. त्यात पिवळसर मुळीचे दोन काप होते. “गान त्साओ,” ती म्हणाली. काकांनी एक काप तोंडात टाकला, चघळला आणि खिशातली काडी काढून त्याच्या शेजारी ठेवली.

“हा तर आपल्याच घरचा निघाला.”

आंटीने काडी मोडून हुंगली. “सेम सेम, लाह! अंकल, दिवसाला किती?”

काकांनी लॉगबुक उघडले. “आठ. रविवारी दहा.”

“मी दोन काप घालते, तेही चार दिवस! इतकं खायला कोणी सांगितलं?”

काकांनी माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

कारण इतक्या काड्यांनी काय होते, हे मला शिकवलेले होते. ज्येष्ठमध गोड लागतो तो ग्लिसरायझिनमुळे, आणि ग्लिसरायझिनची बाटली प्रयोगशाळेत माझ्याच फळीवर होती. त्यापासून आतड्यात एक आम्ल बनते. शरीरातले कॉर्टिसॉल मूत्रपिंडात निष्प्रभ करणारे एक एन्झाइम असते, त्याला हे आम्ल अडवते. मग कॉर्टिसॉल मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावते आणि पोटॅशियम बाहेर जाते. दाब वाढतो, स्नायू ढिले पडतात, पोटॅशियम फारच उतरले तर हृदयाचे ठोके बिघडतात. घसा मात्र खरोखर शांत होतो. मूळ पुण्याचे की चीनचे, हे मूत्रपिंड विचारत नाही.

“म्हणजे वाल्व्ह अडकलाय,” काका म्हणाले. “पंप ठीक आहे.”

नोव्हेना भागातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई रक्तदाबाची दुसरी गोळी लिहीत होत्या; ‘आणखी काही घेता का?’ असे त्यांनी अजून विचारलेच नव्हते. काकांनी चिठ्ठीवरच लॉगबुक ठेवले आणि काड्यांच्या रकान्यावर बोट टेकवले. बाईंनी पेन खाली ठेवून रक्त तपासायला पाठवले. पोटॅशियम धोक्याइतके कमी निघाले. काड्या बंद झाल्या, काढाही. काही आठवड्यांनी घोटे दिसू लागले आणि काका तपासणीत पास झाले. निघण्याच्या दिवशी आंटीने त्यांना आल्याच्या वड्या दिल्या आणि पुडीवर मोठ्या अक्षरांत लिहिले: दिवसाला दोन.

ती फेरी त्यांनी पूर्ण केली. आता काका नाहीत. लॉगबुक माझ्याकडे आहे. दुकानातून परतलो त्या दिवशीचा शेरा असा: ‘कारण सापडले. मुलगी रडली. तिने “कितीही” म्हटले, मी किती ते विचारले नाही. चूक दोघांची, निम्मी निम्मी. पत्रक फाडू नये, दुरुस्त करावे.’

हे ते दुरुस्त पत्रक आहे. आजच एक कागद घ्या. काढे, चूर्णे, मुळ्या, आईने दिलेले, शेजाऱ्याने सुचवलेले, सगळे लिहा आणि पुढच्या भेटीत तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. प्रत्येकापुढे आकडा घाला. ‘थोडेसे’ असे लिहू नका.