हजार किलोमीटर साठाच्या आत

माझा स्वभाव घाईचा. गेली वीस वर्षं मी मालवणच्या बाजारातून स्कूटर हाणते आहे आणि अजूनही तिचा आवाज आला की मासेवाल्या बायका आपापल्या पाट्या आत ओढून घेतात. हायस्कुलात गणित शिकवते, तेही धावतपळत. अशा बाईने सत्तेचाळिसाव्या वर्षी आयुष्यातली पहिली गाडी घ्यावी, तीही लालभडक, आणि पहिल्याच दिवशी तिला सांगण्यात यावं की बाई गं, आता हजार किलोमीटर रांगायचं!

सांगणारे आमच्या शेजारचे काका. तीस-बत्तीस वर्षं एसटी चालवून रिटायर झालेले. गाडी दारात आली तेव्हा मी अक्षरशः हवेत होते. सीटवरचं प्लास्टिक काढू का ठेवू, माडाखाली लावली तर टपावर नारळ पडेल, मग कुठे लावू, वायपर लावून बघू, हॉर्न वाजवून बघू, असं माझं लहान पोरासारखं चाललं होतं. काकांनी बॉनेट उघडायला लावलं, आत नाक खुपसून वास घेतला आणि म्हणाले, "मशीन अजून कोरा आसा. आतले भाग एकामेकांका वळखनत नाय. पयली हजार किलोमीटर साठाच्या वर जावचा नाय. एकाच स्पीडाक धरून ठेवचा नाय. दणकन उचलूची नाय, कचकन ब्रेक मारूचो नाय, आनी माल भरूचो नाय. नव्या सुनेसारखी वागय तिका."

आई पायरीवर बसून नारळ सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "नव्या सुनेक कोण इतक्या जपता? माका दुसऱ्या दिवशी भात कांडूक लावल्यानी."

मी काकांना हो हो म्हटलं आणि मनात म्हटलं, हायवेला एकदा लागू दे, मग बघते. पण काका मला ओळखून होते. संध्याकाळी गाडी ग्रामदेवतेच्या दारात नेली. आई गाडीत बसली नाही, ती देवळापर्यंत चालत आली. नारळ ठेवला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि काकांनी गाऱ्हाणं घालायला हात जोडले. आमच्याकडे देवाशी बोलायचं ते असं मोठ्याने, चारचौघांत, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी होकार भरायचा.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरान नवी गाडी तुझ्या दारात आणल्यान हा. तिका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेत काय वाकडा-नाकडा आसात ता बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी पयली हजार किलोमीटर पुरी होईसर हिका साठाच्या वर जावची बुद्धी देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळातले झाडून सगळे ओरडले, आणि सगळ्यात मोठा आवाज आईचा होता.

झालं. आता काय करता? मी फार देवभोळी नाही, पण भर देवळात वीस माणसांनी होकार भरलेलं गाऱ्हाणं मोडायची माझी छाती नव्हती. काकांवर असा काही राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. आई चौऱ्याहत्तरची. तिचं माहेर मिठबावला, आमच्या घरापासून चाळीसेक किलोमीटर. तिथे तिचा थोरला भाऊ, माझा मामा, ऐंशी ओलांडलेला. तो पूर्वी एसटीने आम्हाला भेटायला यायचा, पण दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं आणि त्याचं घराबाहेर पडणं बंद झालं. आई नऊ वर्षांत माहेरी गेली नव्हती. "माका गाडी लागता" एवढं म्हणायची आणि विषय संपवायची. खरंच लागायची. गावाबाहेर पडल्या पडल्या लागणारा कोळंबचा पूल यायच्या आधीच ती पांढरीफटक पडायची. रोज सकाळी बहीणभाऊ फोनवर ओरडाओरडा करत, कारण दोघांनाही कमी ऐकू येतं. अलीकडे मामा फोन ठेवताना म्हणायचा, "आता भेट वरच." त्यानंतर आई बराच वेळ फोन हातात धरून बसायची.

गाडी घेतली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की आईला भावाकडे नेता यावं म्हणून घेतली. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं म्हणजे मला हायवेला गाडी पळवायची होती.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा. दुपारी जेवून मी किलोमीटर जमवायला निघायची. आज कट्टा, उद्या चौके, परवा मसुरे. चाळीस, पन्नास, पुन्हा पस्तीस, पुन्हा पंचावन्न. काय तो छळ! बाजूने रिक्षा पुढे जायची, दुचाकीवर आंब्याची पेटी बांधलेला माणूस पुढे जायचा. एकदा तर माझ्याच वर्गातल्या मुलीचा बाप स्कूटर माझ्याबरोबरीने आणून विचारतो, "बाई, काय बिघाड झालो काय?" मी म्हटलं, "नाही हो, रनिंग-इन चाललंय." त्याला वाटलं मी शिकतेय. "शिकात, शिकात, सवकास शिकात," म्हणाला आणि गेला. अंगाचा तिळपापड झाला नुसता.

पण खरं सांगते, दोनशेच्या पुढे गंमत यायला लागली. इंजिनाचा आवाज बदलत चालला होता. आधी तो जरा घोगरा, अडखळता होता, आता गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडायचा. मला ते पायाच्या तळव्याला कळायचं. रोज घरी येऊन मी आईला वर्दी द्यायची, "आज दोनशे चाळीस! आज दोनशे ऐंशी!" आणि ती म्हणायची, "आनी तू खंय पोचलंस? परत घराकच मा?"

तीनशेच्या आसपास असताना एका दुपारी मी चावी उचलली, तर आई लुगडं बदलून दारात उभी. एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि मळमळू नये म्हणून पोटाशी वर्तमानपत्राची घडी खोचलेली.

"खंय जातस?"

"मसुऱ्याला. किलोमीटर करायला."

"मी येतंय," ती म्हणाली. "कोळंबाकडे माका उतरवक लागला तर उतरय. मी चलत येतलंय परत."

 ती पुढच्या सीटवर डोळे घट्ट मिटून बसली. मी काच खाली केली आणि गाऱ्हाण्यातला शब्द न् शब्द पाळत गाडी काढली. कोळंब गेलं. मी तिच्याकडे बघितलं, ती लिंबू हुंगत होती. मसुरे आलं, मी गाडी थांबवली, तेव्हा तिने एक डोळा उघडला.

"पोचलाव?"

"पोचलो!"

"माका काय्येक झाला नाय," ती म्हणाली, जसं काही कुणीतरी तिला फसवलं होतं. मग उतरून तिने समोरच्या हॉटेलात चहा घेतला आणि चक्क कांदाभजी खाल्ली. प्रवासात पाण्याचा थेंब न घेणारी माझी आई! मला तिथल्या तिथे फुगडी घालावीशी वाटली.

घरी येऊन मी धावत काकांकडे गेले आणि सगळा राग विसरून त्यांना सांगितलं. ते हसले. "अगो, तुझी आवस गाडीक नाय भिणा, हिसक्याक भिता. हिसको बसलो की पॉट ढवळता. माझ्या गाडयेत म्हातारी माणसा आसली की मी वळणाक गिअरच बदलूचय नाय."

मग आईची भीड चेपली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणि मे महिन्यात सुट्टी लागली त्या सकाळी तिने मामाला फोन लावला. "मी येतंय!" ती ओरडली. पलीकडून मामा ओरडला, "कोण येता?" "मी! मी येतंय!" "कोण मी?" असं पाच मिनिटं चाललं. शेवटी मामाला कळलं, आणि तो फोन तसाच टाकून मामीला हाका मारायला लागला.

आम्ही सकाळी सातला निघालो. गाडीचा आकडा सहाशे चाळीसवर होता. आचऱ्यापर्यंत आई बडबडत होती. ही वाडी कुणाची, त्या घरात कोण दिलेली. आचऱ्याच्या पुढे रस्ता वळणं घ्यायला लागला आणि तिने लिंबू नाकाशी धरलं. मागून एक पर्यटकांची मोठी गाडी येऊन चिकटली. हॉर्न, हॉर्न, हॉर्न. आरशात त्यांचे हातवारे दिसत होते. एरवी मी गाडी आडवी लावून त्यांच्या सात पिढ्या काढल्या असत्या. जिभेवर आलेलं सगळं गिळलं आणि त्यांना पुढे जायला हात केला.

"थांबय," आई म्हणाली.

मी काजूच्या झाडाखाली गाडी घेतली. ती उतरली, कडेला गेली आणि तिला उलटी झाली. मी पाण्याची बाटली घेऊन उभी राहिले.  इथून ती परत फिरू म्हणाली तर पुन्हा कधी गाडीत बसणार नाही, आणि मामा काही कायमचा पुरणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. तिने चूळ भरली, तोंड पुसलं आणि खाली बघत विचारलं, "उशीर होता मा तुका माझ्यामुळे?"

तो प्रश्न कुठून आला ते मला त्या क्षणी कळलं. नऊ वर्षांपूर्वी आम्ही सगळे भाड्याची जीप करून चुलतभावाच्या लग्नाला निघालो होतो. आईने वाटेत चार वेळा गाडी थांबवायला लावली. मुहूर्त टळायला आला होता. चौथ्या वेळी मी पुढच्या सीटवरून मागे वळले आणि दहा माणसांच्या देखत तिला म्हणाले, "तुझ्यामुळे दर वेळी सगळ्यांना उशीर होतो. तू घरीच बसत जा." आणि ती घरी बसली. नऊ वर्षं बसली. मी ते केव्हाच विसरून गेले होते. मला वाटत होतं तिचं पोट नाजूक आहे.

लाजेने माझे कान तापले. माफी मागायला तोंड उघडलं, तर निघालं भलतंच. "इंजिन तापलंय. काकांनी सांगितलंय, मधे मधे थांबायचंच. अर्धा तास तरी थांबावं लागेल."

आईने माझ्याकडे बघितलं. "खोटारडी," ती म्हणाली आणि झाडाखालच्या धोंड्यावर ऐसपैस बसली. आम्ही तिथे बसून पडलेले काजू गोळा केले. अर्ध्या तासाने तीच उठली. "चल. झील वाट बघत आसतलो." ऐंशी ओलांडलेल्या भावाला ती झील, म्हणजे पोरगा, म्हणत होती!

मामा अंगणात, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत खळ्यात, खुर्ची टाकून बसला होता. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तो सकाळी सहापासून तिथेच बसलाय, असं मामीने सांगितलं. त्याला उठता येईना. हात मात्र खुर्चीवरून पुढे आले. आई गाडीतून उतरली आणि आधार न घेता त्याच्यापर्यंत चालत गेली, दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला.

"बारीक झालंस गो," तो म्हणाला.

"तू म्हातारो झालंस," ती म्हणाली.

मग दोघं रडली, आणि पाठोपाठ जास्त बहिरं कोण यावर भांडली. मी चावी हातात घेऊन गाडीला टेकून उभी होते आणि ढसाढसा रडत होते, आनंदाने आणि लाजेनेही.

मामीने तिरफळं घातलेली बांगड्याची कढी केली होती. आई दोनदा भात वाढून घेऊन जेवली. चारला मी निघायची तयारी केली, तर आंब्याच्या दोन पेट्या, वीस नारळ आणि एक अवाढव्य फणस दारात हजर. "माल भरायचा नाही सांगितलंय," मी ओरडले, पण माहेरच्या माणसांपुढे इंजिनाचं कोण ऐकतो? डिकी भरली. फणस उरला.

"तो पुढे ठेव," आई म्हणाली.

"आणि तू कुठे बसणार?"

"मी नाय येणा. मी रवतंय हयसर. आठ दिसांनी न्हेवक ये." मग म्हणाली, "तुका किलोमीटर व्हये आसत मा?"

मी गाडीत बसले. फणसाच्या वजनाने सीटबेल्टची घंटी टिंगटिंग करायला लागली, म्हणून त्याला पट्टा लावला. आई खिडकीपाशी आली होती. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

"आई, त्या लग्नाच्या दिवशी मी जीपमध्ये जे बोलले ना, ते..."

"पेटयेवर कायेक ठेव नको, आंबे दबतत," ती म्हणाली. माझ्या गालावरून एकदा हात फिरवला आणि खळ्याकडे वळली.

आरशात बघितलं. मला वाटलं होतं ती हात करील. ती मामाजवळ खाली बसली होती आणि त्याच्या कानाशी वाकून मोठमोठ्याने काही सांगत होती. तिचा हात एकदा डावीकडे जात होता, एकदा उजवीकडे. वाटेतली वळणं सांगत होती ती त्याला. मामा तोंड उघडं टाकून ऐकत होता. मी पहिला गिअर टाकला आणि क्लच इतका हळू सोडला की गाडी निघालेली त्या दोघांना कळलीसुद्धा नाही.