तेओफिलाबाईंनी थांबवलेला पियानो

तेओफिला ब्झोस्का आमच्या संगीतशाळेत एकतीस वर्षं पियानोचे सूर लावत होत्या. मी तिथे कचेरीत होते. बाई सदा भेदरलेल्या. मुख्याध्यापक रादोम्स्की जिन्यात दिसले तरी भिंतीला चिकटायच्या. त्यांचे वडील हेच काम करायचे. एका पियानोचा पाय निखळला आणि वडिलांची तीन बोटं चिरडली. नऊ वर्षांच्या बाई तेव्हा शेजारीच उभ्या होत्या.

पोलिश संगीतकार शोपँच्या नावाने आमच्याकडे दर वसंतात सोळा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा भरते. एका वर्षी मोठा पियानो रंगमंचावर ढकलत नेताना उंबऱ्यावर आदळला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर लावताना बाईंना खालून बारीक करकर ऐकू आली. वाकून पाहिलं, दिसलं काही नाही. तरी धीर करून त्या रादोम्स्कींकडे गेल्या.

"सर, डावा पाय मला बरा वाटत नाही. हा पियानो नको वाजवायला."

"बाई, वडिलांचं भूत उतरवा की आता मानेवरून! परीक्षक येऊन बसलेत. जा, चहा घ्या."

बाई गेल्या नाहीत. मी स्पर्धकांची यादी घेऊन पडद्याआड होते, तिथे माझ्याजवळ उभ्या राहिल्या. कालिना नावाची चौदा वर्षांची मुलगी वाजवायला बसली. अंगाने काडी, पण हात दणकट. पहिली रचना हळुवार होती. दुसरी जोरकस सुरू झाली तशी बाईंनी माझं मनगट धरलं.

"ऐकलंत?"

"नाही हो."

"तिचे गुडघे पियानोच्या बरोबर खाली आहेत..."

आणि त्या थेट रंगमंचावर धावल्या. "थांब बाळा! ऊठ, आधी मागे हो!"

कुणीतरी फिसकन हसलं. रादोम्स्की ओरडले, "चालत्या व्हा इथून!" बाई गुडघ्यांवर बसल्या, पायाला हात लावला. तो हलत्या दातासारखा हलला. एका परीक्षकबाईंनी उजेड धरून खाली पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. पाय जिथे बसवलेला असतो, ते वरचं लाकूड वीतभर चिरलं होतं.

कालिनाने तासाभराने वर्गातल्या पियानोवर पुन्हा वाजवलं. दोनदा मधेच अडखळली. तिची अंतिम फेरी हुकली.

"दोन वर्षांची मेहनत हिची!" तिची आई बाईंवर कडाडली. "पाच मिनिटं कळ काढली असती तर?"

"आई, पुरे," कालिना म्हणाली. मग हळूच विचारलं, "खरंच पडला असता का हो?"

"माहीत नाही गं. कदाचित आज नसताही पडला."

रादोम्स्कींनी माफी कधी मागितली नाही. पण पुढच्या वर्षी फर्मान काढलं: तेओफिलाबाईंची सही झाल्याशिवाय पियानोला कुणी हात लावायचा नाही. बाई तीन-तीनदा पियानोखाली शिरून यायच्या. तरी सही करताना लेखणी अशी थरथरायची, की कागद मला दोन्ही हातांनी धरावा लागे.