कागदात नसलेलं वाक्य

देवाने माझ्या मामाला गळ्याऐवजी भोंगाच दिला होता. "मीठ द्या" म्हणाला की शेजारची तीन घरं मिठाचा डबा शोधायची. सरकारी माहिती खात्यात उद्घोषकाची नोकरी, जीपवर कर्णा, हातात साहेबांच्या सहीचा कागद, आणि डोंगरातल्या वस्त्यांना एकच पुकारा: "शस्त्रं ठेवाऽऽ, खाली याऽऽ, शासन आपला विचार करेल!" मी घरी त्याची नक्कल केली की मामी पोट धरून हसायची. मामासुद्धा.

नियम असा, की कागदाबाहेर एक अक्षर बोलायचं नाही. पण तीस वर्षांच्या बंडात "विचार करेल" ऐकून कोण खाली येतंय? दोन दिवस कुत्रंही फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी मामाने पदरचं एक वाक्य जोडलं: "कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही, जबाबदारी माझी!"

शेजारी बसलेले साहेब म्हणाले, "झकास! पुन्हा म्हण."

संध्याकाळी चार पोरं उतरली. लष्कराच्या छावणीच्या फाटकातून आत गेली, ती गेलीच.

अकरा वर्षांनी शांततेच्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि बेपत्ता झालेल्यांसाठी चौकशी समिती बसली. मामाला बोलावणं आलं. मामी म्हणाली, "कागद वाचला, एवढंच सांगा. नोकरीची दोनच वर्षं राहिलीत."

"आणि त्या पोरांच्या आया समोर बसणार, त्यांच्याकडे बघू कसा?"

त्याने सगळं सांगितलं. सरकारी वकील नाकातून बोलायचे. "म्हणजे हंऽ, हमी शासनाची नव्हती, तुमची होती?"

"वाक्य माझं. पण साहेब शेजारीच होते. पुन्हा म्हण म्हणाले."

"लेखी आहे?"

"नाही."

"मग राहू द्या."

टाइप झालं ते एवढंच: वाक्य माझं. साहेबांना कुणी बोलावलंही नाही.

बाहेर जिन्यापाशी त्या चौघांतल्या एकाची आई उभी होती. मामा हळूच "ताई" म्हणाला.

"तो नको म्हणत होता," ती म्हणाली. "मीच पाठवला. म्हटलं, एवढ्या मोठ्याने कोण खोटं बोलेल?"

मामा म्हणाला, "पुढच्या तारखेला साहेबांचं नाव लिहून घ्यायला लावतो."

"शब्द देऊ नका, दादा. नुसते या."

त्यानंतर नऊ तारखा झाल्या. मामा प्रत्येक तारखेला जाऊन तिच्या शेजारच्या बाकावर बसतो. साक्षीला त्याचं नाव अजून कुणी पुन्हा पुकारलेलं नाही.