सर्टिफिकेटवाले वानखडे सर

जानेफळला तेरवीच्या पंगतीत आम्ही शेजारी बसलो होतो. एक तरुण वरणाची बादली घेऊन समोर आला, तसा वानखडे सरांनी पत्रावळीवर आडवा हात धरला.

"बी.सी.ए. झाला ना बे तू? नेटवर्किंगचं सर्टिफिकेट केलं काय?"

"सर, आजोबा गेले माहे," तो कसाबसा म्हणाला.

"ते समजलं मले. परीक्षा कधी देतं?"

मी त्यांची बाही ओढली. बाहेर आल्यावर त्यांना सुनावलं, तर म्हणाले, "दुःखात माणूस खोटं बोलत नाही. एरवी हेच पोट्टे 'चालू हाय सर, चालू हाय' म्हन्तेत."

मेहकरच्या आमच्या कॉलेजात वानखडे सर संगणक विभागात नेटवर्किंग शिकवत आणि मी ग्रंथालय सांभाळत असे. मधल्या सुट्टीत ते चहा घेऊन माझ्या टेबलाशी येत. मी वाचत असलेलं पुस्तक पालथं घालत, पान हरवत आणि बोलू लागत. विषय एकच. "डिग्री म्हंजे आधार कार्ड हाय. सगळ्यायजवळ असते. त्याच्यानं तुम्ही कोन हा ते समजते, तुम्हाले काय येते ते नाही." मी म्हणे, ज्या परीक्षेचे सोडवलेले प्रश्न बाजारात मिळतात, तिच्यावरून तरी काय समजतं? यावर ते माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहत आणि माझ्या पुस्तकावर कप ठेवत.

आमचा वाद खरा पेटला तो वैशालीवरून. वैशाली जानेफळची, आमच्याच कॉलेजातून बी.सी.ए. झालेली. तिचे वडील दत्ताभाऊ यांनी सांगून ठेवलं होतं, दसऱ्यापर्यंत नोकरी पाहा, नाही तर गावात झेरॉक्सचं दुकान टाकून देतो. दुकानासाठी गाळाही त्यांनी बोलून ठेवला होता. अशात पुण्याहून तिला एक नोकरी चालून आली. फोनवर लोकांच्या संगणकाच्या तक्रारी ऐकायच्या, रुजू मात्र लगेच व्हायचं. पोर आनंदानं पेढे घेऊन आली. सरांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "जाऊ नको."

"काऊन सर?"

"सर्टिफिकेटची परीक्षा तोंडावर आली. फोन उचलाले गेली तर जलमभर फोनच उचलशीन."

मी मध्ये पडलो. हातातली नोकरी सोडायला सांगणारे तुम्ही कोण, असंही विचारलं. ते शांतपणे दुसरा पेढा खात होते. वैशाली त्यांचं ऐकून राहिली. मी त्यानंतर बरेच दिवस सरांशी कामापुरतंच बोललो. त्यांना ते कळलंसुद्धा नाही, कारण बोलण्याचं काम ते एकटेच करत.

ती परीक्षा पास झाली. मग आपल्याकडे जे होतं ते झालं. जानेफळच्या बसस्टँडवर तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला, शाळेत शाल-श्रीफळ झालं. दत्ताभाऊंनी सर्टिफिकेट जाड काचेत मढवून बैठकीत टांगलं आणि आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. जेवताना सर सहज म्हणाले, "हे तीन वर्षं चालते. मंग पुन्हा परीक्षा."

दत्ताभाऊंचा घास हातातच राहिला. "म्हंजे हे मरते? सर, सातबारा मरते काय कधी?"

"पीक दर वर्षी पेरा लागते ना, दत्ताभाऊ?"

"मंग आधी सांगतलं असतं तर फ्रेम हलकी केली असती!"

मी हसू दाबलं. सरांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

सर्टिफिकेटमुळे मुलाखतीचं बोलावणं मात्र खरंच आलं, छत्रपती संभाजीनगरहून. सर तिच्यासोबत गेले. आतल्या लोकांनी विचारलं, "प्रत्यक्ष कुठं जोडणी केली आहे?" हिनं सगळं शिकलेलं पडद्यावरच्या चित्रांवर. खरी केबल कधी सोललेली नव्हती. दोघं परत आले. मला वाटलं, आता तरी हा माणूस खजील होईल.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालय उघडलं, तर सर वैशालीला घेऊन दारात उभे. प्राचार्यांची परवानगी आधीच घेतलेली. "तुमच्या संगणकायच्या वायरी लय जुन्या झाल्या. ही बदलून देते." मला कुणी विचारलंच नव्हतं. कपाटं हलली, कोशांचे खंड जमिनीवर आले, विश्वकोशावर पक्कड ठेवलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. आणि एवढं करून जोडणी झाल्यावर एकही संगणक चालेना. केबलच्या एका टोकाला वैशालीनं रंगीत तारांचा क्रम चुकवला होता. सरांना ते बघताक्षणी दिसलं असणार. पण ते खुर्चीत बसून राहिले.

"सर, सांगा ना," ती रडकुंडीला आली.

"मी मुलाखतीत येऊन राह्यलो काय तुह्यासंगं? हुडक."

तिनं एकेक टोक तपासून ते हुडकलं. तोवर माझं ग्रंथालय बंदच होतं.

दसऱ्याच्या आधी तिला खामगावात इंटरनेट पुरवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. बातमी आली तेव्हा सर नि मी बसस्टँडवर होतो. मी म्हटलं, "पाहिलंत? माझ्या वायरींनी लागली नोकरी. कागदानं नाही."

"मंग बोलावलं कशानं तिले?"

"आणि घेतलं कशानं?"

तेवढ्यात त्यांची बस आली. "उद्या सांगतो तुम्हाले," असं दारातून ओरडून ते गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेत त्यांचं हृदय थांबलं.

शोकसभेनंतर वैशाली माझ्याजवळ आली. मी तिला तेच विचारलं, बोलावलं कशानं नि घेतलं कशानं. ती म्हणाली, "कंपनीतले साहेब म्हने, सर्टिफिकेटवाले तेवढेच बोलावले होते आम्ही. पन बाकीच्यायनं काय काय येते ते सांगतलं, तू काय चुकलं अन् ते कसं सापडलं ते सांगतलं. म्हणून तुले घेतलं."

म्हणजे अर्धा वाद त्यांनी जिंकला होता, अर्धा मी. हे त्यांना कळलं असतं, तर माझा अर्धा त्यांनी मान्य केला नसता. त्या चुकीचं श्रेयही स्वतःकडे घेतलं असतं, आणि ते खरं असल्यामुळे माझा आणखीच संताप झाला असता. मी तयारी करून ठेवली आहे. मुद्देही चांगले आहेत. पण या माणसाला एकदाही वेळेवर गप्प बसता आलं नाही, आणि बसला तो नेमका आता. मधल्या सुट्टीत मी वाचत बसतो. पान हरवत नाही. पुस्तक पुढं सरकत नाही.