सुभेदारांचा सूर

माधवनगरच्या आमच्या चर्चमध्ये पियानो वाजवणारा माणूस आठवडाभर यंत्रमाग दुरुस्त करतो. काहीही बिघडलं की त्याचं एकच उत्तर, "थांबा, बसवतो." कॉर्ड, म्हणजे चालीखाली एकत्र दाबायचे सूर, तो मोबाइलवर बघून शिकला. नखांत ऑइल रविवारीही असतंच.

पहिल्या बाकावरचे रिटायर सुभेदार दर रविवारच्या ठरलेल्या शेवटच्या गीताच्या तिसऱ्या ओळीत हमखास एक सूर खाली उतरायचे, तेही सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात. मी कॉयरमध्ये गातो, मला ते फार खुपायचं. "त्यांना सांग की जरा," मी एकदा पियानोवाल्याला म्हणालो.

"आवं, ह्या वयात त्यांनी कशाला बदलायचं? थांबा, बसवतो."

पुढच्या रविवारी त्यानं त्या सुराखाली वेगळाच कॉर्ड ठेवला. सुभेदार होते तिथंच उतरले, पण आता ते कानाला गोड लागलं. हळूहळू सगळी मंडळी तसंच गायला लागली.

यंदा सुभेदार गेले. त्यांच्या मातीनंतरच्या रविवारी मी पुस्तकातली मूळ चाल धरली. त्यानं मात्र तोच कॉर्ड दाबला, आणि सगळं चर्च एक सूर खाली उतरलं.

चुकलो फक्त मी.